बाळोत्यांच्या पायऱ्या

वाडगा रिकामा परत आला. ओश्नाने तो नाकाशी धरला. दुधाचा वास होता, बाळाचा नव्हता.

समुद्राईने आपलं कधीच न वाढणारं तान्हं एरूण नगरीच्या ओटीत घातलं, तेव्हापासून ती कोटाबाहेर थांबून होती. एरूणची शेतं तिच्या पाण्याहून खाली, तरी त्यांना मीठ लागत नव्हतं. कुणाचं मूल दगावत नव्हतं. रोज सूर्य बुडताना ती विचारायची, "झोपलं का?" अंगावर पाजणारी एखादी बाई कोटावरून सांगायची, "झोपलंय." मग ती मागे सरायची.

यंदा पाळी ओश्नाची. दिवसा पडद्याआडच्या बाळासाठी वाडगाभर दूध काढायचं, संध्याकाळी कोटावरून उत्तर द्यायचं. तिची स्वतःची नेवा तीन महिन्यांची. कोटाखालच्या पहिल्याच घरात ती सासूच्या मांडीवर असायची.

बाळाची बाळोती कुठे वाळत घालतात, असं तिने म्हाताऱ्या महेरू दाईला सहज विचारलं. महेरू हसली. "देवाचं लेकरू ते. तुझ्या पोरीसारखं घटकेघटकेला भिजवतं होय?"

पण कोटाच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सगळे बाळोत्यांच्या पायऱ्याच म्हणत. गावाचं धुणं विहिरीवर. फक्त त्या एका बाळाचं त्याच्या आईच्या पाण्यात. आता तिथे जाड शेवाळ होतं.

पाळीच्या तिसऱ्या दुपारी महेरूचा डोळा लागलेला पाहून ओश्नाने पडदा उचलला. पाळण्यात मूठभर मीठ होतं, आणि एक चांदीचा वाळा.

महेरू जागीच होती. बाळ आपल्या पणजीच्या हातातच दगावलं, म्हणाली. कुणाची छाती होणार होती सांगायची? "कोटावरच्या बायकांना ठाऊक नसतं, म्हणून त्यांचा आवाज कापत नाही. तुला आता कळलं. तुझा कापू देऊ नकोस, पोरी. नेवाकडे बघ."

ओश्ना घरी आली. तिने नेवाकडेच बघितलं. तीन दिवसांत जे आपल्या ध्यानात आलं, ते एका आईच्या ध्यानात आज ना उद्या येणारच, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

दिवस कलला तशी ती नेवाचं पिवळं झालेलं बाळोतं पदराआड घेऊन पायऱ्या उतरली. शेवाळावर दोनदा घसरली. बाळोतं खळबळून काढलं. पाणी तिच्या मनगटांभोवती आलं, कोमट, आणि बराच वेळ तिथेच घुटमळलं. ओश्नाच्या जिवात जीव आला. हे आपल्याआधी कुणालाच कसं सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

ती कोटावर परतली तोवर सूर्य टेकला.

"झोपलं का?"

"झोपलंय," ओश्ना म्हणाली. आवाज जराही कापला नाही.

समुद्राई मागे सरली नाही. खालच्या घरातून सासूची अंगाई ऐकू येत होती. मग अंगाई थांबली. नेवाला डोळा लागला असावा.

"शंभर वर्षं एकही बाळोतं आलं नाही," समुद्राई म्हणाली. "मला कळत नसेल होय? कुणीतरी आई होऊन खरं सांगेल, म्हणून रोज विचारत होते. इतक्या जणी आल्या, त्या बिचाऱ्या अजाण होत्या. तू जाणून आलीस, आणि दुसऱ्याच लेकराचं माझ्या हातात दिलंस."

पाणी चढत कोटाच्या वरच्या काठाला लागलं.

"तुझी झोपली का?"