उलटं केलेलं दृश्य

"तुमची मालिका बघून तिसरा खून झालाय, बाई." पोलीस अधिकाऱ्याने माझ्या एडिटिंगच्या टेबलावर फोटो ठेवला. प्रेताच्या डाव्या मनगटाला लाल फीत बांधली होती.

"मग नक्कल चुकली की त्याची," मी म्हटलं. "मालिकेत उजवं मनगट दिसतं. शूटिंगला फीत डाव्यालाच होती, पण ते दृश्य मी आरशात दिसावं तसं उलटं केलं."

अधिकाऱ्याने फोटोतल्या मनगटावर बोट ठेवलं. "म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्याला डावं मनगट कळणारच नाही. शूटिंगला फीत कोणी बांधली होती?"

"आमच्या ह्यांनी." नेहमीच्या कौतुकाने मी बोलून गेले. "त्यांच्यासारखी गाठ सेटवर दुसऱ्या कोणाला जमतच नाही."

मग मी फोटोतली गाठ पाहिली.