निळं दार

“बाबा, ते आपलं घर नाही!” सून फाटकातून ओरडली. तोवर सासरे शेजारची पायरी चढून, दार ढकलून आत शिरलेसुद्धा होते.

शिवणबाईंनी मशीनवरून मान वर केली. म्हातारा दारातच थबकला आणि रोजच्यासारखा म्हणाला, “अरेच्चा! चुकलो की.”

“आलाच आहात तर बसा,” शिवणबाईही रोजच्यासारख्या म्हणाल्या. त्या चहा टाकायला आत गेल्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि मशीनच्या सुईत दोरा ओवून ठेवला, एका फटक्यात. शिवणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना कापरं भरायचं. चहा होईपर्यंत सून आली, “मावशी, माफ करा हं,” म्हणाली आणि सासऱ्यांचा कप संपायची वाट बघत उभी राहिली.

वसाहतच तशी होती. सगळी घरं एका साच्यातून काढलेली. तीच करडी दारं, तीच पायरी, डाव्या हाताला तीच खिडकी. पार्सलवाले चुकायचे, पाहुणे चुकायचे. एकदा एका जावयाने भलत्याच घरात जाऊन बूट काढले, पाय पसरले आणि पाणी मागितलं होतं. पण हे सासरे म्हणजे निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, वीतभर जागेवरून हमरीतुमरीवर आलेल्या भावांमध्ये हद्दीचे दगड रोवले, आणि म्हातारपणी स्वतःचं दार सापडेना. गल्लीला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

समोरच्या काकूंना जरा जास्तच वाटायचं. काकूंची खिडकी गल्लीकडे आणि तोंड कायम उघडं. मागे शिवणबाईंचं मशीन दुरुस्त करायला आलेला कारागीर जेवणवेळेपर्यंत थांबला, तर ती गोष्ट काकूंनी महिनाभर पुरवली होती. विधवा बाई, भरदुपार, बंद दार. शिवणबाईंची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मोजणीदारांच्या बाबतीत मात्र काकू हळहळायच्या. “बिचारे! विसरतात हो. ती तरी काय करणार, हाकलून थोडंच देणार?” विसरणाऱ्या माणसाला गल्लीत सगळं माफ होतं.

मुलाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आज शेजारी गेले, उद्या हमरस्त्यावर गेले तर? तो शहराबाहेरची एक संस्था बघून आला. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांची. “खोली हवेशीर आहे,” तो बायकोला म्हणाला, “दाराला बाहेरून कडी असते.” सुनेला ते पटेना. सुटीच्या दिवशी ती निळ्या रंगाचा डबा घेऊन आली आणि पदर खोचून तिने स्वतः दार रंगवलं.

“बाबा, निळं ते आपलं. आता चुकलात ना, तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

मोजणीदारांनी वाकून रंग बघितला. मग म्हणाले, “रंगाचे हात दोन द्यावे लागतील.”

त्या दिवसापासून ते चुकेनासे झाले. फिरून आले की सरळ निळ्या दाराने आत. काकूंनी सुनेची पाठ थोपटली. मुलाने संस्थेचा विषय सोडला नाही, पण काढलाही नाही.

शिवणबाईंनाही बरं वाटायला हवं होतं. दोन्ही घरांमधली भिंत एकच, त्यामुळे बाहेरून कडी असलेल्या खोलीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. माणूस वाचला, चांगलं झालं, असं त्या स्वतःला सांगायच्या. मग दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करून, डोळे बारीक करून सुईचं भोक शोधत बसायच्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांनी कापडं रचून ठेवली. म्हाताऱ्याची आठवण यायची, आणि इतके दिवस चुकणारा माणूस एका डबाभर रंगाने इतका सुधारावा याचा रागही यायचा.

त्या संध्याकाळी मोजणीदार फिरून आले. मुलगा गाडी पुसत होता. सून कुंड्यांना पाणी घालत होती. काकू खिडकीत होत्या. शेजारून मशीनचा आवाज येत होता. मोजणीदारांनी निळ्या दाराच्या मुठीला हात घातला आणि आवाज थांबला. तुटला असणार दोरा. ते मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मशीन सुरू होईना. बऱ्याच वेळाने दोन टाके पडले, आणि पुन्हा थांबलं.

त्यांनी मूठ सोडली. पायरी उतरले आणि शेजारची चढले.

“बघितलंस?” मुलगा हातातलं फडकं टाकून म्हणाला. “झालं. उद्याच फोन करतो मी.”

“बाबा, निळं!” सुनेचा आवाज रडवेला झाला. “निळं आपलं! बाबा!”

मोजणीदारांनी दार ढकललं नाही. त्यांनी बेल दाबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

शिवणबाईंनी दार उघडलं. समोर ते, मागे मुलगा, सून, आणि पलीकडे काकूंची खिडकी. क्षणभर त्यांना फार आनंद झाला. मग ती कडीची खोली आठवली, आणि दार धरून त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, “चुकलात तुम्ही. तुमचं दार निळं. जा बघू घरी.”

“मला निळं दिसतं, बाई,” मोजणीदार म्हणाले. मग ते गल्लीकडे वळले आणि काकूंच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मी चुकलो नाही. एकदाही चुकलो नव्हतो.”