चांदमलशेठचा डावा हात

शहाद्याच्या कापडदुकानात चांदनीच्या सासऱ्यांच्या, चांदमलशेठच्या, हातून मीटरपट्टी सारखी पडायची. "थकवा शे, दुसरं काही नई," असं ते म्हणायचे. पुढे ते माणसांची नावंही विसरू लागले, तेव्हा घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं.

ओळखलं ते कापड घ्यायला आलेल्या डॉक्टर रुचिकाताईंनी. हातातलं कापड तसंच ठेवून त्या घड्याळाकडे बघत मोजत बसल्या. अर्ध्या तासात सहा वेळा शेठचा डावा हात आणि डावा गाल क्षणभर एकदमच आखडले.

"हे म्हातारपण नाही," त्या चांदनीला म्हणाल्या. "शरीराची संरक्षक शक्तीच मेंदूवर उलटली आहे. लवकर उपचार केले तर माणूस परत मिळतो."

रक्ताच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासण्या झाल्या, स्टिरॉइडची सलाइन लागली, आणि माणूस खरंच परत मिळाला. ताईंच्या नजरेचं चांदनीला केवढं कौतुक. सगळा बाजार रोज बघत होता, दिसलं मात्र फक्त त्यांनाच.

दिवाळीआधी ताई पुन्हा आल्या. चांदमलशेठ स्थिर हातानं कापड मोजत होते. चांदनी मात्र महिनाभर दुकानातल्या मोठ्या आरशाकडे बघायचं टाळत होती. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हात अगदी छान झालाय," ताई हसून म्हणाल्या, आणि त्यांची नजर आरशावर गेली.

आरशातल्या शेठच्या हातून मीटरपट्टी खाली पडली. आवाज झाला नाही; इकडे शेठच्या हातात पट्टी तशीच होती.

हातातलं कापड तसंच ठेवून ताई घड्याळाकडे बघत मोजू लागल्या.