उजद्याची अजान

“दुपारी जेवलास?” कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच अडवून सी लखदरनी विचारलं.

“जेवलो,” नौफल म्हणाला. रमजानात असं धडधडीत खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता, आणि तेही प्रशिक्षकांच्या तोंडावर.

“बघ हं. प्रवासात रोज्याला सूट असते, मागाहून एक दिवस धरून भरून काढता येतो. उजद्याहून या साफीपर्यंत अख्खा देश ओलांडून आलोय आपण. रोजा धरून खेळणारा मला संघात नको. ऐंशीव्या मिनिटाला पोटरी धरून बसतो आणि सगळ्यांना बुडवतो. आज नीट खेळलास तर उद्या करारावर सही. नाहीतर जेरादाची बस तुला ठाऊक आहे.”

ठाऊक नसायला काय झालं! त्याच बसने तो तीन महिन्यांपूर्वी गावाहून आला होता. तेव्हापासून नुसता बाकावर बसून होता. नेहमीचा डावा बचावपटू जायबंदी झाला म्हणून आज त्याचा नंबर लागला. पण रोजा मोडायचं काही त्याच्याच्याने झालं नाही. निघताना आईने हातावर एक खजूर ठेवला होता. “संध्याकाळची अजान झाली की आधी हा तोंडात टाक, मग बाकीचं,” म्हणाली होती. तो कागदात गुंडाळून त्याने डाव्या मोज्यात खोचला.

पहिला अर्धा डाव निभावला. दुसऱ्यात घशाला अशी कोरड पडली की आवंढा गिळवेना. समोरचा सात नंबर साफीचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि तोंडाने त्याहून चालू.

“काय पाहुणे, दमलात? अजून लई वेळ आहे हो!” त्याने पश्चिमेकडच्या भिंतीवर टेकायला आलेल्या सूर्याकडे बोट दाखवलं.

नौफलच्या तोंडात बोलण्यापुरतीही थुंकी नव्हती. पोटरीत गोळा यायला लागला होता आणि सी लखदरना तो दिसेल या भीतीने तो लंगडायलाही धजत नव्हता. शून्य-शून्य. पाच मिनिटं राहिली होती. पाच मिनिटं, बस्स.

“नौफल, सातला सोडू नको रे बाबा!” मागून गोलकीपर समद ओरडला.

चेंडू पाहुण्यांच्या बाकासमोरच बाहेर गेला. थ्रो साफीचा. टाकणाऱ्याने चेंडू उचलला, मैदान क्षणभर गप्प झालं, आणि त्या शांततेत अजान सुरू झाली. खणखणीत, सुरेल, दहा पावलांवरून.

नौफलने काही विचार केला नाही. हात आपोआप मोज्याकडे गेला. मागे समद खांबाजवळच्या बाटलीकडे वाकला. उजद्याचे आणखी तीनचार जण, कुणीतरी ताट मांडल्यासारखे, जागच्या जागी सैल पडले. साफीचे अकरा मात्र खेळत राहिले. ते कशाला थांबतील? त्यांचा सूर्य अजून भिंतीच्या वर होता. थ्रो आला, सात नंबर नौफलच्या बाजूने निघून गेला आणि रिकाम्या गोलमध्ये त्याने चेंडू जवळजवळ चालतच नेला.

आधी कुणाला काही कळेना. मग प्रेक्षकांत हशा पिकला. “अरे, उजद्याची अजान! उजद्यात सूर्य बुडाला!” बाकापाशी बा कद्दूर, चाळीस वर्षं संघाचे कपडे-बूट सांभाळणारा भला म्हातारा, पिशवी उलटी करून आपला फोन शोधत होता. फोनमधली अजान घरच्या वेळेवरच लावलेली होती, आणि पूर्वेकडच्या उजद्यात सूर्य इथल्यापेक्षा अर्धा तास आधी मावळतो. फोन सापडेपर्यंत अजान पुरी होत आली.

समदचं काय, तो म्हणेल हातमोजा पडला होता. नौफल भर मैदानात खजूर मुठीत धरून उभा होता. आता लपवायचं तरी काय? त्याने भीतभीत सी लखदरांकडे पाहिलं. गोल खाल्ला की या माणसाच्या शिव्या समुद्रापर्यंत ऐकू जात. आज ते पाठ करून उभे होते. एक गाल फुगलेला. हळूच त्यांनी तळहातावर खजुराची बी काढली आणि मूठ मिटली.

शून्य-एक. सामना संपला. सगळे मान खाली घालून आत गेले, नौफल तेवढा रेषेपाशी थांबला.

“खाल्लास?” सी लखदरनी विचारलं.

“नाही. हातातच राहिला.”

“आणि दुपारचं जेवण?”

“तेही नाही.”

“माझा आजचा रोजा गेला,” ते म्हणाले. “तीस वर्षांत पहिला. त्या कद्दूरच्या फोनपायी. तुझा अजून शाबूत आहे.” ते गवतावर बसले. पाण्याची बाटली त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवली, झाकण न उघडता. “बस इथे. पुरा कर.”

नौफल बसला. पोटरी ठणकत होती. ती चोळत शेवटी त्याने धीर केला. “सी लखदर... करार?”

“अजान होऊ दे,” ते म्हणाले. “मग बोलू.”

त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. सूर्य भिंतीला टेकला. सकाळपासून नौफल तो बुडायची वाट बघत होता. आता वाटलं, आणखी थोडा वेळ राहू दे.