रंगमास्तरांची टाकी

टाकीतली जिवंत पोवळी पांढरी पडत चालली होती, तरी तपासणीत पाण्यातलं कॅल्शियम दर वेळी भरपूरच निघे, म्हणून तात्या ते वरून घालत नसत. खाऱ्या पाण्याची ती काचेची टाकी तात्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घरात उभारली होती. त्याआधी ते इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर होते. छटा जुळली की नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरे.

त्या सकाळी सून मृण्मयी शेजारी येऊन उभी राहिली. तात्या नळीतल्या गुलाबी पाण्यात औषधाचे थेंब सोडत होते. पाणी निळं व्हायला जितके थेंब जास्त, तितकं कॅल्शियम जास्त.

“तात्या, झालं की निळं केव्हाच.”

“छे! गुलाबीच आहे अजून.”

तात्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय, निळा रंग नीट दिसणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

“म्हणजे पोवळी माझ्यामुळे उपाशी राहिली,” ते म्हणाले. त्यांनी नळी धुऊन नवं पाणी घेतलं. “मी थेंब सोडतो, तू सांग.”

“थांबा,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

तात्या थांबले. त्यांना पाणी अजून गुलाबीच दिसत होतं.