कानाला चिमटा

गिरिजाबाई चहाचा ट्रे घेऊन बैठकीच्या खोलीपाशी आल्या, तर दार लावलेलं.

"आजी, सॉरी. दहा मिनिटं, प्लीज," आतून ऋचा म्हणाली.

लंडनच्या हॅरोतलं हे घर गिरिजाबाईंचं, नवरा गिरिजाबाईंचा, आणि थांबा म्हणणार ही काल जन्मलेली पोर.

यादवरावांचं काळीज दुबळं झालं होतं. त्याहून दुबळी झाली होती हिंमत. जिना चढायलाही भीत. म्हणून दर मंगळवारी हॉस्पिटलची ही थेरपिस्ट येई. कानाला चिमटा लावून बारीकसा करंट सोडी. कानातल्या नसेतून तो म्हणे काळजाला निववतो. आणि करंट चालू असताना ती त्यांना बोलतं करी.

करंटचं गिरिजाबाईंना काही नव्हतं, बोलण्याचं होतं. 'हूं' आणि 'बरं' यांवर संसार रेटलेला माणूस आत तासभर बोलतो! त्याच कानाशी त्यांनी जन्मभर घसा कोरडा केला होता. आत काही शिरलं नव्हतं.

तेवढ्यात दाराआडून आलं, "गिरिजा." मग सावकाश, पुन्हा, "गिरिजा."

लग्नापासून यादवराव नुसतं 'अगं' म्हणत. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा भर मांडवात खोकून निभावलं होतं. आणि या पोरीपुढे नाव? म्हणजे गाऱ्हाणीच असणार.

त्यांनी कोपराने दार ढकललं. "काय केलं गिरिजेनं? माझ्या तोंडावर सांगा की."

यादवराव दचकले. कानाची वायर हलली.

"काय नाही केला, आजी," ऋचा तिच्या इंग्रजी वळणाच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "भीती आला की श्वास हळू सोडायचा आणि एक शब्द म्हणायचा. सेफ वाटेल असा. आजोबांनी हा शब्द चूज केला."

गिरिजाबाईंनी ट्रे टेबलावर आपटला. "शब्द नाही तो, माझं नाव आहे. म्हणा आता, माझ्यादेखत."

यादवरावांनी श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. चिमट्याखालचा कान लाल झाला.

"अगं," ते म्हणाले, "तू जरा बाहेर जा ना."

"हिच्यापुढे जमतं?"

यादवराव कानाची वायर सरळ करू लागले. गिरिजाबाई बाहेर आल्या. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन घरघरत होतं. त्यांनी ते मध्येच बंद केलं. चादरी साबणातच राहिल्या. मग परत येऊन, केस मागे सारून, त्यांनी दाराला कान लावला.