मरी आली

"मी मरी. बाळाला न्यायला आलेय."

गोमाबाईचा हात अडसरावरच थिजला. बाहेर रणरणती दुपार होती. काखेतलं पोर रडून रडून आता नुसतं कण्हत होतं.

अठराशे सत्त्याहत्तर सालचा तो उन्हाळा. मुंब्र्याच्या डोंगराखालच्या त्या खाडीकाठच्या वाडीत पटकी शिरली होती. सकाळी चालतीबोलती माणसं जुलाबांनी आणि ओकाऱ्यांनी सुकून दिवस मावळायच्या आत जात होती. गोमाबाईची सून कलावती काल गेली. मागं अंगावर पिणारं पोर राहिलं. शेळीचं दूध दिलं तर ते ओकून टाकी. वाडीत पाजत्या बाया होत्या, पण पटकीच्या घरातलं पोर पदराखाली कोण घेणार? म्हणून मुलगा विश्राम पहाटेच होडी घेऊन पलीकडं ठाण्याला गेला होता. "कुणाला तरी घेऊनच येतो," एवढंच तो म्हणाला होता.

तो गेला आणि भगत दारोदार फिरला. "आज मरीआई वाडीत फिरणार," त्यानं बजावलं. "बाईच्या रूपानं येईल. गोड बोलेल. दार उघडलं त्याचं घर बसलं."

आणि आता ती दारात उभी होती. नावही लपवत नव्हती.

"कुणी पाठवलं तुला?" गोमाबाईनं आतूनच विचारलं.

"विश्रामनं."

"तो कुठं हाय?"

बाहेरची बाई जराशी घुटमळली. "बंदरावर पडलाय, आये. होडीतच त्याला ओकाऱ्या लागल्या. तू पोर दे मला. उशीर नको करूस."

गोमाबाईनं फटीला डोळा लावला. लाल लुगडं. वाऱ्यानं सुटलेले केस. सुजलेले, तांबारलेले डोळे. चोळी पुढून ओलीचिंब. आणि तिच्याकडं पसरलेले दोन हात.

"सून नेलीस, ल्योक नेलास, आता नातू मागतेस, रांडे?" ती किंचाळली. "धावा रे! मरी आली! मरी आली!"

दारं धडाधड उघडली. पुरुष काठ्या घेऊन आले, बाया चुलीतली जळती लाकडं घेऊन. कुणीतरी ढोल बडवायला लागलं. बाई हात जोडून काहीतरी सांगत होती, पण त्या गलक्यात तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. भगतानं भिरकावलेला दगड तिच्या कपाळाला लागला. तशी ती पळाली. वाट तिच्या ओळखीची नव्हती. बंदराकडं जायचं सोडून ती खालच्या अंगाला, तिवरांच्या झाडीतल्या चिखलात शिरली. भरती लागली होती. लोक काठावर उभे राहिले, आणि तिवरं हलायची थांबेपर्यंत दगड मारत राहिले.

गोमाबाईनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला. नातवाला पोटाशी धरून ती उंबऱ्यात बसली. तिला वाटलं, एक तरी वाचवलं आपण.

ऊन उतरल्यावर एक उंच माणूस विश्रामला पाठीवर घेऊन आला. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. त्यानं विश्रामला ओट्यावर अलगद निजवलं.

"घाबरू नको, आये. जीव हाय त्याच्यात. ओकाऱ्या थांबल्यात," तो धापा टाकत म्हणाला. "मी इनास. मिठागरात आम्ही दोघं संगती कामाला. त्याला पाणी पाजत बंदरावर बसलो व्हतो, म्हणून बायकोला पुढं धाडली."

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. आमचं लेकरू गेल्या आठवड्यात गेलं. तिच्या अंगावरचं दूध काही आटत नाय. तुमचं पोर उपाशी हाय म्हणून विश्राम सांगत आला, तशी वाढलेलं ताट सारून होडीत बसली. त्याला आमच्या घरी नेऊन पाजीन म्हणते." त्यानं आत डोकावून पाहिलं. "कुठं हाय ती?"

गोमाबाई उंबऱ्यातून उठली. "नाव... नाव काय तिचं?"

"मरी." तिचा चेहरा बघून तो ओशाळला. "तुमच्यात वाईट हाय ते नाव, ठाऊक हाय मला. पण आमच्यात देवाच्या आयेचं नाव हाय ते."

गोमाबाई पोराला घेऊन तशीच धावत सुटली. गुडघाभर चिखलात उभी राहून ती तिवरांकडं हाका मारू लागली, "मरी! ये ग मरी! घे ग पोर तुझ्यापाशी!" ते शब्द ऐकले आणि मागं वाडीतली दारं एकेक करून लागली. इनास तिवरांत शिरला. पाणी छातीशी आलं तरी तो पुढंच जात होता.

ओहोटी लागल्यावर ती सापडली. इनासनं तिला उचलून होडीत ठेवलं. तो वल्हं मारत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पोर गेलं. पटकीनं नाही, भुकेनं. विश्राम मात्र उठला. बरा झाल्यावर तो मिठागरातच राहायला गेला. पुन्हा आईच्या हातचं त्यानं खाल्लं नाही.

त्यानंतर वाडीत पटकीनं कुणी दगावलं नाही. भगताचा मान वाढला. आसपासच्या गावांतून लोक त्याच्याकडं येऊ लागले. तो त्यांना गोमाबाईच्या ओट्याशी आणून सांगे, "मरी हिच्याच दारात आली व्हती. आम्ही समद्यांनी मिळून तिला खाडीत बुडवून मारली. इचारा हिला."

लोक विचारत. गोमाबाई मान हलवी. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.